स्नायूंतील शिदोरी



मारुंजीत येऊन पेशीतल्या एका प्रथिनाविषयी बोलावयाचे, म्हणजे पैलवानापुढे पोथी सोडण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. पण हे प्रथिन पैलवानाच्याच मांडीत असते, हे माझे उत्तर!

मुळशी-मावळात कुस्तीचे वेड जुने. बैठक मारताना मांडीचा स्नायू आवळला की त्यातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि प्राणवायूचा पुरवठा क्षणभर कमी पडतो. त्या वेळी उपयोगी पडणारी शिदोरी म्हणजे मायोग्लोबिन. रक्तातले हीमोग्लोबिन हा प्राणवायू वाहणारा हमाल, तर मायोग्लोबिन हा घरातला कोठावळा. हमालाने आणलेला माल तो घट्ट धरतो आणि पेशीत खरी टंचाई पडली म्हणजेच सोडतो. देवमासा इतका वेळ पाण्याखाली राहतो, त्यालाही याच कोठाराचा मोठा आधार. देवमाशाच्याच मायोग्लोबिनची घडण केंड्रू यांनी १९५८ साली प्रथम दाखविली आणि १९६२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे प्रथिन १५३ अमिनो आम्लांची साखळी आहे. ते कसे घडवावे याचा लेख, म्हणजे जनुक, माणसाच्या बाविसाव्या गुणसूत्रावर असतो. तो प्रत्येक पेशीत असला तरी उघडून वाचला जातो तो मुख्यतः हृदयात आणि हाडांवरच्या स्नायूंत. स्नायू वारंवार आकुंचन पावला की पेशीतले कॅल्शियम गाभ्यापर्यंत निरोप पोहोचविते, आणि मग लेखाच्या नकला निघू लागतात. १९६७ सालच्या एका प्रयोगात बारा आठवडे पळविलेल्या उंदरांच्या पायांत मायोग्लोबिन बरेच वाढलेले आढळले. बारा आठवडे, बरे का! एका रात्रीत नव्हे.

आणि येथेच मला इशारा द्यावयाचा आहे. पोलीसभरतीच्या आशेने किंवा पैजेखातर एखादा तरुण सराव नसताना एकदम शेकडो बैठका मारतो. मग स्नायूंच्या पेशी फुटतात आणि मायोग्लोबिन रक्तात उतरते. पेशीत जो कोठावळा, तोच बाहेर पडला की मूत्रपिंडाचा वैरी होतो. यंत्राखाली वा ढिगाऱ्याखाली हातपाय चिरडले तरी हेच घडते. १९४१ साली लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यात गाडल्या गेलेल्यांपैकी काही जण बाहेर काढल्यावर बरे दिसत, आणि पुढे मूत्रपिंड बंद पडून दगावत.

तेव्हा अतिश्रमानंतर अंग असह्य दुखू लागले, हातापायांतले बळ गेले आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर लाजू नका, वेदनाशामक गोळी घेऊन झोपू नका. तत्काळ रुग्णालय गाठा. वेळीच शिरेतून पुरेसे पाणी-मीठ मिळाले तर मूत्रपिंड बहुधा वाचते.

आपले जुने वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी थोड्याच बैठका देत. त्यांना जनुक ठाऊक नव्हता, पण त्याची चाल ठाऊक होती. शिदोरी हळूहळूच बांधावी लागते, एवढेच मला सांगावयाचे होते.