श्वासाची राखण

भंडारा जिल्ह्याची ओळख तलावांचा जिल्हा अशी आहे. कोहळी लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले मालगुजारी तलाव, गांवोगांवच्या बोड्या आणि जिल्ह्यांतून वाहणारी वैनगंगा यांमुळें पाणी हा येथील माणसाचा नित्याचा सोबती झाला आहे. जाळें तळाशीं अडकलें किंवा कोणी बुडालें, म्हणजे गांवकरी प्रथम ढिवराला हांक मारतात. तो छाती भरून श्वास घेतो, बुडी मारतो, आणि जीव कासावीस होऊं लागला कीं वर येतो. त्याच्याजवळ ना घड्याळ, ना यंत्र. जिवाची ती कासाविशी हाच त्याचा इशारा, आणि तो इशारा बहुधा त्याला वेळेवर परत आणतो.

याच जिल्ह्याच्या उत्तर भागांत, तुमसर तालुक्यांत, चिखला येथें मँगनीजची भूमिगत खाण आहे. भूगर्भांत आग लागली, किंवा सुरुंगाचा विषारी धूर कोंडून राहिला, तर ताजी हवा आंत पोहोंचेपर्यंत थांबण्यास सवड नसते. अशा वेळीं आंत शिरणाऱ्या बचावपथकाच्या माणसाला आपली हवा आपल्या अंगावर बांधून न्यावी लागते. अशीं शिकविलेलीं माणसें आणि उपकरणें सज्ज असलीं पाहिजेत, असें बंधन १९८५ च्या खाण-बचाव नियमांनीं घातलें आहे. कोळशाच्या खाणींसाठीं नागपुरास बचावकेंद्रहि आहे.

पाणबुड्याचें रीब्रीदर आणि खाणींतील हें बचावयंत्र हीं एकाच घराण्यांतलीं भावंडें होत. सोडलेला श्वास बाहेर न टाकतां, तो शुद्ध करून पुन्हा घेणें, हें दोहोंचें तत्त्व. इ. स. १८७८ च्या सुमारास हेन्री फ्लूस या इंग्रज खलाशानें तसें पहिलें कामाचें यंत्र बनविलें. दोन वर्षांनीं, सेव्हर्न नदीखालचा रेल्वेबोगदा पाण्यानें भरलेला असतांना, अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या तेंच यंत्र बांधून, काळ्याकुट्ट पाण्यांतून सुमारें हजार फूट आंत गेला व पळतांना मजुरांनीं उघडा टाकलेला लोखंडी दरवाजा लावून परत आला. पुढें तेंच यंत्र सुधारून खाणींत आलें, आणि दुसऱ्या महायुद्धांत पुन्हा पाण्यांत गेलें.

या यंत्राचा लाभ सहज समजण्यासारखा आहे. माणूस जी हवा आंत घेतो तींत सुमारें २१ टक्के प्राणवायु असतो, आणि जी बाहेर सोडतो तींतहि १६-१७ टक्के शिल्लक असतो. साध्या पाणबुड्याच्या सिलिंडरांतील हा शिल्लक प्राणवायु बुडबुड्यांच्या रूपानें फुकट जातो. रीब्रीदरमध्यें कांहींच फुकट जात नाहीं. सोडलेला श्वास नळींतून एका डब्यांत जातो. तेथें सोडालाइमचे दाणे त्यांतील कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायु, शोषून घेतात. जेवढा प्राणवायु शरीरानें खर्चिला तेवढाच लहानशा सिलिंडरांतून भरून येतो, आणि तो श्वास पिशवींतून पुन्हा तोंडाशीं येतो. विश्रांतींत मिनिटाला पाव लिटर आणि कष्टाच्या कामांत दीड-दोन लिटर प्राणवायु माणसाला पुरतो. म्हणून एवढ्याशा सिलिंडरावर तासन्‌तास काम करतां येतें.

परंतु या सोयीबरोबर एक मोठा धोका येतो. श्वास कोंडल्यावर जी तडफड होते ती प्राणवायु संपल्यामुळें होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाहीं. ती तडफड मुख्यतः रक्तांत कर्बवायु सांचल्यामुळें होते. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रीस्टली या शास्त्रज्ञांनीं १९०५ सालीं प्रयोगांनीं हें दाखवून दिलें. आतां रीब्रीदरमध्यें कर्बवायु तर डब्यांत शोषला जातो. म्हणजे ढिवराला परत आणणारा तो जिवाचा इशाराच या यंत्रानें काढून घेतला! प्राणवायूची झडप बंद राहिली किंवा सिलिंडर रिता झाला, तरी श्वास सुखानें चालूच राहतो. कासाविशी नाहीं, गुदमरणें नाहीं; माणूस शुद्धींत आहे तों आहे, आणि दुसऱ्या क्षणीं नाहीं.

याच्या उलट प्राणवायु अति झाला तरी अनर्थ. दाबाखालचा प्राणवायु विषासारखा वागतो व झटके आणतो, हें पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७८ सालींच दाखविलें होतें. पाण्यांत दर दहा मीटरांस एक वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणून निव्वळ प्राणवायूवर सहा मीटरांपेक्षां खोल जाऊं नये, असा आजचा दंडक आहे. त्याहून खोल जाणाऱ्या यंत्रांत प्राणवायूबरोबर हवेचा वा अन्य मिश्रणाचा दुसरा सिलिंडर असतो, आणि त्यांचें प्रमाण सेन्सर पाहून राखावें लागतें.

तिसरा शत्रु कर्बवायु. सोडालाइम संपला किंवा डबा नीट भरला नाहीं, म्हणजे तो परत श्वासांत येतो. त्यानें धाप लागते, डोकें दुखतें. पण सर्वांत वाईट म्हणजे बुद्धि मंदावते. ज्या मनानें धोका ओळखावयाचा, तेंच मन धूसर होतें. १ जून १९३९ रोजीं 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरांत बुडाली. आंत सुटकेचीं श्वासयंत्रें होतीं, तरी केवळ चौघे बाहेर पडले आणि ९९ जण प्राणांस मुकले. कोंडलेल्या हवेंतील कर्बवायूनें माणसें काय स्थितीला जातात, हें पाहण्यासाठीं हॉल्डेनचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन यांनीं पुढें स्वतःलाच तशा हवेंत कोंडून घेऊन प्रयोग केले. हेच हॉल्डेन १९५७ सालीं भारतांत आले आणि येथील नागरिक झाले.

या सर्वांतून एकच नियम निघतो. या यंत्राचा धोका पाण्यांत कळत नाहीं. म्हणून त्याची पारख पाण्यांत उतरण्यापूर्वीं, स्वच्छ मनानें, जमिनीवर बसून करावी लागते. ती पारख ज्याला यंत्र घालावयाचें आहे त्यानें स्वतः करावी. ती आठवणीवर सोंपवूं नये. लिहिलेली यादी समोर ठेवावी. दुसऱ्यानें एकेक कलम मोठ्यानें वाचावें आणि करणाऱ्यानें तें करून दाखवून मगच पुढें जावें. मध्येंच कोणी बोलावयास आला, तर सुटलेल्या कलमापासून नव्हे, आरंभापासून पुन्हा सुरुवात करावी.

यादींतलें पहिलें काम डब्याचें. भंडाऱ्याकडे भाताचें माप भरणारा पायली जशी ठोकून, हलवून, मग काठोकाठ भरतो, तसाच सोडालाइमचा डबा थोडा थोडा भरावा, दर थरानंतर चोहोंकडून हलके ठोकावा, आणि खुणेपर्यंत सपाट करावा. दाणे सैल राहिले तर त्यांच्यांत पोकळ वाट पडते. श्वास त्या सोप्या वाटेनें निघून जातो, आणि बाकीचा चुना कोराच राहूनहि कर्बवायु सुटतो. दाणे ओलसर लागतात. वाळलेले दाणे नीट काम करीत नाहींत, म्हणून पिंप घट्ट झांकून ठेवावें. दाण्यांचा रंग बदलण्यावर भिस्त ठेवूं नये, कारण वापरलेल्या चुन्याचा रंग कांहीं वेळानें पूर्ववत्‌ होऊं शकतो. डबा केव्हां भरला आणि तो किती मिनिटें वापरला, हें त्यावरच लिहावें. थंड पाण्यांत आणि कष्टाच्या कामांत त्याचें आयुष्य घटतें, हेंहि ध्यानांत असावें. अर्धा वापरलेला चुना काढून पुन्हा भरण्याची काटकसर कोणीं करूं नये.

डब्याभोंवतीं एक रबरी कडें बसतें. तें विसरलें किंवा त्यावर दाणा अडकला, तर श्वास डब्यांत न जातां बाजूनें निघून जातो. एवढ्याशा कड्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. नंतर झडपांची पाळी. माउथपीसच्या दोन बाजूंस दोन पातळ रबरी झडपा असतात. एक श्वास आंत येऊं देते, दुसरी बाहेर जाऊं देते. एक नळी दाबून धरून ओढून पाहावें, दुसरी दाबून फुंकून पाहावें. झडप उलटी लागली किंवा दुमडली असेल, तर सोडलेला श्वास तसाच परत पोटांत येतो.

मग सिलिंडर. दाब मोजून लिहावा, आंत काय आहे तें तपासून चिठ्ठी लावावी. प्राणवायूच्या वाटेंत तेल, वंगण किंवा मळकट बोट कधींहि लागूं देऊं नये, आणि झडप सावकाश उघडावी. दाबलेला प्राणवायु एकदम धांवला तर उष्णता होते, व तेलाचा लेश असला तर आग भडकते.

सेन्सर हे यंत्राचे डोळे. साध्या हवेंत ते जो विद्युत्‌दाब दाखवितात, त्याच्या सुमारें पावणेपांच पट शुद्ध प्राणवायूंत दाखविला पाहिजे. तितका न दाखविणारा सेन्सर थकलेला समजावा. बहुधा यंत्रांत तीन सेन्सर असतात व दोहोंचें मत मानलें जातें. पण तिन्ही एकाच दिवशीं बसविलेले असले, तर दोघे एकदम थकतात आणि खऱ्या तिसऱ्याला खोटा ठरवितात! म्हणून ते एकेक करून, मुदतींत बदलावे, व बसविल्याची तारीख नोंदवावी.

यंत्र जुळलें कीं दोन परीक्षा. प्रथम आंतली हवा ओढून घेऊन माउथपीस बंद करावें, आणि आक्रसलेल्या पिशव्या तशाच राहतात कीं नाहीं, हें कांहीं मिनिटें पाहावें. मग त्या फुगवून तसेंच पाहावें. कोठें गळत असेल तर पाण्यांत तेथून पाणी शिरतें, आणि पाणी सोडालाइमशीं मिळालें कीं तोंड भाजणारा क्षार घशाशीं येतो. तसें झालेंच, तर तें न गिळतां स्वच्छ पाण्यानें पुन्हा पुन्हा चूळ भरावी.

शेवटीं नाक बंद करून पांच मिनिटें यंत्रांतून श्वास घ्यावा, आणि दृष्टि सारखी प्राणवायूच्या आंकड्यावर ठेवावी. मात्र या पांच मिनिटांनीं डब्याचा दोष कळेलच असें नाहीं. अर्धवट निकामी झालेला डबा बहुतेकांच्या ध्यानांतहि येत नाहीं, असें प्रयोगांनीं दिसून आलें आहे. म्हणून डब्याची खरी परीक्षा तो भरतांनाच. नंतरची ही नुसती शेवटची नजर. या साऱ्यांनंतरहि बरोबर एक वेगळा, साध्या पद्धतीचा सिलिंडर असावाच. यंत्राविषयीं शंका आली कीं विचार करीत बसूं नये. तोंडांतील नळी बंद करून त्या सिलिंडराचा श्वास घ्यावा आणि वर यावें.

काम संपलें म्हणजे यंत्राची सेवा संपली असें नव्हे. श्वासाच्या वाटेंत ओल, लाळ आणि ऊब असते. बुरशी आणि जंतूंना याहून चांगलें घर नाहीं. म्हणून त्याच दिवशीं चुना फेकून द्यावा, पिशव्या व नळ्या गोड्या पाण्यानें धुवाव्या, निर्मात्यानें सांगितलेल्या जंतुनाशकांत ठेवून पुन्हा धुवाव्या, आणि सावलींत टांगून वाळवाव्या. उन्हानें रबर फाटतें. पावसाळ्यांतील गढूळ तलावांतून किंवा गोसीखुर्दच्या साठ्यासारख्या पाण्यांतून आलेल्या यंत्रांत बारीक गाळ झडपांखालीं बसतो. तो बोटानें नव्हे, मऊ कुंचल्यानें काढावा. जें दुरुस्त करण्याचें शिक्षण नाहीं, तें उघडूं नये.

खाणींतील मजूर कमरेला एक लहान डबी बाळगतात, तिचीहि येथें ओळख असावी. तिच्यांतील मिश्रणांत मँगनीज डायऑक्साइड असतो, व तो धुरांतील विषारी कार्बन मोनॉक्साइड निरुपद्रवी करतो. तुमसरच्या डोंगरी बुजुर्गची खाणहि याच मँगनीज डायऑक्साइडच्या खनिजासाठीं प्रसिद्ध आहे! पण ती डबी प्राणवायु निर्माण करीत नाहीं. जेथें प्राणवायूच उरला नाहीं, तेथें तिचा उपयोग नाहीं. कोणतें साधन काय करतें याहीपेक्षां, तें काय करीत नाहीं, हें अगोदर शिकावें लागतें.

तलावांत उडी टाकणारा ढिवर शूर असतो आणि त्याचें शरीर त्याच्याशीं खरें बोलतें. रीब्रीदर घालणाऱ्याचें शरीर त्याच्याशीं खरें बोलेलच असें नाहीं. म्हणून येथें नुसतें शौर्य अपुरें पडतें; किंबहुना आपल्याला कांहीं होत असेल तर कळेलच, असें मानणारा शूरच प्रथम फसतो. यंत्रानें जो इशारा काढून घेतला, त्याच्या जागीं लिहिलेली यादी, वाचणारा सोबती, आणि रात्रीं धुऊन टांगलेल्या नळ्या एवढेंच काय तें उरतें. बुडणाऱ्याला काढावयास गेलेला माणूस स्वतः परत यावा, हें घरीं वाट पाहणाऱ्यांचें मागणें असतें. तें मागणें पुरें होतें तें पाण्याच्या तळाशीं नव्हे, कांठावर शांतपणें घालविलेल्या त्या अर्ध्या तासांत.