ईश्वरी इच्छेचा शोध आणि निवडीचे उत्तरदायित्व



पदवी हाती आल्यानंतरच्या काही वर्षांत नोकरी, पुढील शिक्षण, विवाह आणि वास्तव्याचे ठिकाण यांविषयीचे निर्णय एकापाठोपाठ एक घ्यावे लागतात, आणि श्रद्धावान ख्रिस्ती घरांत अशा वेळी ‘देवाची इच्छा काय आहे ते पाहू’ असे सहज म्हटले जाते. या म्हणण्यामागे बहुधा अशी अपेक्षा असते की प्रार्थनेनंतर एखादी खूण मिळेल, पवित्र शास्त्र उघडताच नेमके वचन समोर येईल आणि निवडीचा भार डोक्यावरून उतरेल. ख्रिस्ती परंपरेने ईश्वरी मार्गदर्शनाचा लावलेला अर्थ याहून बराच कष्टाचा आहे. तिथे भार उतरत नाही, तो वाहण्याची रीत तेवढी शिकवली जाते.

खुणांच्या समर्थनार्थ शास्ते या ग्रंथातील गिदोनाच्या लोकरीचा दाखला नेहमी दिला जातो, परंतु गिदोनाला आज्ञा आधीच झालेली होती आणि लोकरीवरच्या दवाची खूण त्याने मागितली ती मनातल्या साशंकतेपोटी, हे सोयीस्करपणे विसरले जाते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा क्रमही बोलका आहे. पहिल्या अध्यायात यहूदाच्या रिकाम्या जागी मत्थियाची नेमणूक चिठ्ठ्या टाकून झाली. दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्म्याचे आगमन झाल्यानंतर मात्र नव्या करारात माणसांची निवड अशा रीतीने झाल्याचे आढळत नाही, आणि पंधराव्या अध्यायात परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या सुंतेचा बिकट प्रश्न यरुशलेमेत वादविवाद, अनुभवांचे कथन आणि शास्त्राचा विचार यांतून निकाली निघाला.

खुणेची वाट न पाहता पारखून निवड करण्याच्या या विचाराला पद्धतशीर रूप देणाऱ्यांत संत इग्नेशियस लोयोला यांचे नाव अग्रभागी येते. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून अंथरुणाला खिळलेल्या या सरदारपुत्राला वाचायला ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे एवढीच पुस्तके मिळाली, आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत त्याच्या ध्यानात आले की पराक्रमाची आणि दरबारी मानमरातबाची स्वप्ने रंगवताना मन सुखावते, पण मागाहून कोरडे पडते, तर संतांच्या वाटेने जाण्याच्या विचारातला आनंद विचार सरल्यावरही टिकून राहतो. पुढे ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात, ज्याला १५४८ मध्ये पोप पॉल तिसरे यांची मान्यता मिळाली, त्यांनी या निरीक्षणाचे नियम बांधले. आत्म्यांची पारख, म्हणजे मनात उठणारी ओढ देवाकडे नेणारी आहे की त्याच्यापासून दूर नेणारी हे तिच्या परिणामांवरून ओळखणे, हा त्या नियमांचा गाभा होय. श्रद्धा, आशा आणि प्रीती वाढवणाऱ्या अवस्थेला ते सांत्वन म्हणतात आणि मन जड, अस्वस्थ व प्रार्थनेला विन्मुख करणाऱ्या अवस्थेला औदासीन्य. आणि औदासीन्याच्या काळात आधी केलेला निश्चय बदलू नये, असा त्यांचा स्पष्ट दंडक आहे. निराशेच्या भरात राजीनामा लिहिणाऱ्या किंवा शिक्षण अर्धवट सोडणाऱ्या तरुणाला पाचशे वर्षांनंतरही याहून व्यवहारी सल्ला मिळणे कठीण.

इग्नेशियस बुद्धीलाही रजा देत नाहीत. मन शांत असताना दोन्ही पर्यायांचे लाभ आणि तोटे मांडावेत, अनोळखी माणसाने हाच पेच पुढे ठेवला तर त्याला काय सांगितले असते ते पाहावे, आणि मृत्युसमयी कोणती निवड केलेली असावी असे वाटेल याचा विचार करावा, असे ते सुचवतात. मूळचीच वाईट गोष्ट ते निवडीच्या कक्षेत येऊ देत नाहीत: लाच देऊन मिळणारी नोकरी घ्यावी की नाही, हा प्रार्थनेत विचारण्याचा प्रश्नच नव्हे.

मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात या कसोट्यांची खरी परीक्षा दिसते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून दीर्घ वाद घातला आणि सदसद्विवेकाला न पटलेले मत केवळ अधिकाराच्या आज्ञेवरून मान्य करण्यास नकार दिला. रमाबाईंच्या दृष्टीने देवाला शरण जाणे म्हणजे माणसांपुढे विचार गहाण ठेवणे नव्हते, आणि मायदेशी परतल्यावर शारदा सदन व केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले ते याच वृत्तीतून.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो प्रदीर्घ शोधानंतर, आणि त्या निर्णयाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्यास जागा नाही. परंतु ताटातूट, सोवळ्यातील आप्तांचा आक्रोश आणि लहान मुलाची काळजी हे सारे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले, आणि लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना या हिशेबाची दुसरी बाजू दिसल्याखेरीज राहत नाही. लक्ष्मीबाई पतीच्या मागोमाग निमूटपणे गेल्या नाहीत. जातिभेद माणसांनी निर्माण केला, हे स्वतःच्या विचाराने पटल्यानंतर आणि आणखी काही काळ गेल्यावर, १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एका घरातील दोन व्यक्तींना एकाच ठिकाणी पोहोचण्यासाठी लागलेला वेळ वेगवेगळा होता, आणि पारखीच्या नियमांप्रमाणे लक्ष्मीबाईंचा उशीर कमी श्रद्धेचा ठरत नाही.

ईश्वराच्या नावाने घेतलेल्या निर्णयाची किंमत पुष्कळदा दुसरेच कोणी चुकते करत असते, याची जाणीव भक्तिपर लेखनात क्वचितच आढळते. म्हणून स्नातकहो, परगावी जाण्याचा, सेवाकार्यात पडण्याचा किंवा ठरलेली वाट सोडण्याचा निश्चय प्रार्थनेत झाला, तर तो घरच्यांपुढे शेवटचा शब्द म्हणून ठेवू नये; ज्यांच्यावर त्याचा भार पडणार आहे, त्यांचे प्रश्न आधी ऐकून घ्यावेत आणि त्यांनाही प्रार्थनेसाठी तेवढाच अवधी द्यावा.