गोळी विसरली तरी चालेल? पहारा देणाऱ्या बॅक्टेरियाची गोष्ट

आजचा भाग स्पीकरवर ऐकत असाल तर हेडफोन लावा. लाजण्यासारखं काही नाहीये, पण आज योनीमार्ग हा शब्द चार-पाच वेळा येणार आहे आणि शेजारचे काका उगाच वळून बघतील.

सुरुवात माझ्या कामापासून करतो. काही वर्षांपूर्वी मी एका अ‍ॅपसाठी गोळ्यांची आठवण करून देणारं फीचर बनवलं. रोज संध्याकाळी नोटिफिकेशन, खाली दोन बटणं, 'घेतली' आणि 'नंतर'. डॅशबोर्डवर आकडे एकदम झकास! मग सुट्टीत घरी गेलो. आईच्या फोनवर तेच अ‍ॅप. फोन वाजला, आईने पिठाच्या हाताने 'घेतली' दाबलं आणि परत पोळ्या लाटायला लागली. मी विचारलं, "आई, गोळी?" म्हणाली, "अरे, ते दाबलं नाही तर वाजतच राहतं."

म्हणजे इतके दिवस माझा डॅशबोर्ड गोळ्या मोजतच नव्हता. तो बटणं मोजत होता.

आता हीच गोष्ट खूप मोठ्या प्रमाणावर बघा. एचआयव्हीपासून बचाव करायचा तर कंडोम आहे, पण तो वापरायचा की नाही हे बहुतेक वेळा पुरुष ठरवतो. म्हणून संशोधकांनी बाईच्या हातात राहील असं काहीतरी शोधायला घेतलं. त्यातून आलं टेनोफोव्हिर नावाच्या औषधाचं जेल, योनीमार्गात लावायचं. त्याची सुरक्षितता तपासणाऱ्या एका सुरुवातीच्या चाचणीत आपल्या पुण्यातल्या बायकाही होत्या. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या कॅप्रिसा ००४ या चाचणीचा निकाल आला. ८८९ बायका, आणि जेलमुळे संसर्ग ३९ टक्क्यांनी कमी. सगळे खूश.

मग आली व्हॉइस नावाची चाचणी. दक्षिण आफ्रिका, युगांडा, झिम्बाब्वे मिळून ५,०२९ बायका. काहींना रोज गोळी, काहींना रोज जेल. २०१३ मध्ये निकाल आला, एकाही गटात फायदा दिसला नाही! बायकांना विचारलं तर उत्तरं सांगत होती की ९० टक्के वेळा औषध वापरलंय. पण रक्त तपासलं तेव्हा जेलच्या गटातल्या साधारण २५ टक्केच नमुन्यांमध्ये औषध सापडलं.

इथे 'बायका खोटं बोलल्या' असं म्हणून पुढे जाऊ नका. घरात औषध दिसलं तर लोक म्हणणार, हिलाच एड्स झालाय. नवऱ्याला काय सांगणार? आणि आपल्याला काहीच झालेलं नसताना रोज औषध घेणं किती जणांना जमतं? माझ्या आईला बीपीची गोळी जमत नाही, जिच्यावर कुणी संशयही घेत नाही.

मग काही लोकांच्या डोक्यात आलं, की औषध लावण्याऐवजी औषध बनवणारा कारखानाच तिथे ठेवला तर? इथून सिंथेटिक बायोलॉजी सुरू होते.

निरोगी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे बॅक्टेरिया राहतात. आपल्या दह्यातल्या बॅक्टेरियांचे चुलतभाऊच म्हणा. ते लॅक्टिक आम्ल बनवतात आणि त्या आंबटपणात बरेच उपद्रवी जंतू टिकत नाहीत. थोडक्यात, वॉचमन आधीपासून ड्युटीवर आहे. त्याच्या हातात फक्त काठी द्यायचीय.

ती काठी १९९७ मध्ये सापडली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या शास्त्रज्ञांना नॉस्टॉक नावाच्या निळ्या-हिरव्या शेवाळात सायनोव्हिरिन-एन हे प्रोटीन मिळालं. एचआयव्हीच्या बाहेरच्या प्रोटीनवर साखरेच्या रेणूंचा दाट थर असतो. सायनोव्हिरिन त्या साखरेला चिकटून बसतं, मग व्हायरसला पेशीत शिरता येत नाही. पाकात बुडालेली किल्ली कुलपात जाईल का? तसंच.

कॅलिफोर्नियातल्या ओसेल कंपनीच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बाईच्या शरीरातून मिळालेला लॅक्टोबॅसिलस जेन्सेनाय हा बॅक्टेरिया घेतला आणि त्यात सायनोव्हिरिनचं जीन बसवलं. माझ्या भाषेत सांगायचं तर जीन म्हणजे फंक्शन. त्याच्या आधी एक प्रमोटर लागतो, तो ठरवतो की हे फंक्शन किती वेळा चालवायचं. पुढे एक छोटा तुकडा असतो, पार्सलवरच्या पत्त्यासारखा, 'हे प्रोटीन पेशीबाहेर पाठवा' असं सांगणारा. आणि हे सगळं बॅक्टेरियाच्या मुख्य क्रोमोसोममध्ये घातलं. प्लाझमिडवर, म्हणजे पेन ड्राइव्हसारख्या सुट्या डीएनएवर ठेवलं असतं, तर पिढ्या बदलताना ते हरवण्याची भीती जास्त. हे काम २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. २०११ मध्ये माकडांवरच्या प्रयोगाचा निकाल आला. हा बॅक्टेरिया वसवलेल्या माकडिणींना वारंवार व्हायरस दिला, तरी संसर्ग ६३ टक्क्यांनी कमी झाला. व्हायरस होता एचआयव्ही आणि माकडांच्या व्हायरसचा संकर.

(आणि नाही, दही खाऊन हे होत नाही. दह्यातल्या बॅक्टेरियाला हे जीन कुणी दिलेलं नाही.)

आता तुम्ही विचाराल, मग हे मेडिकलमध्ये का मिळत नाही? मलाही हाच प्रश्न पडला होता. कोड लिहिणं एक, प्रॉडक्शनमध्ये टाकणं दुसरं.

पहिली अडचण, बॅक्टेरिया टिकला पाहिजे. बाईने दुसऱ्याच आजारासाठी अँटिबायोटिक घेतलं तर वॉचमन गायब! जेल विसरलं तर निदान आपण विसरलो हे कळतं. बॅक्टेरिया गेला तर कळतच नाही. सर्व्हर बंद पडलाय आणि डॅशबोर्ड हिरवा दाखवतोय, असा प्रकार.

दुसरी, व्हायरस बदलतो. प्रयोगशाळेत एचआयव्ही आपले काही साखरेचे रेणू टाकून सायनोव्हिरिनला चकवतो हे दिसलंय. म्हणजे एकाच हत्यारावर विसंबून चालणार नाही.

तिसरी, शेवाळातलं परकं प्रोटीन महिनोन्महिने तयार होत राहिलं तर शरीर काय करेल? ही भीती पोकळ नाही. नॉनॉक्सिनॉल-९ नावाचं जेल प्रयोगशाळेत व्हायरस मारायचं. पण चाचणीत ते वारंवार वापरणाऱ्या बायकांमध्ये संसर्गाचा धोका उलट वाढला, कारण आतल्या नाजूक अस्तराला इजा होत होती.

आणि चौथी, बदललेला जीव मोकळा सोडायचा तर त्याला आवरायचं कसं? यावर एक सुंदर उपाय दुसऱ्या आजाराच्या संशोधनात झालाय. आतड्याच्या क्रोन्स आजारासाठी बदललेल्या लॅक्टोकॉकस बॅक्टेरियाचं थायमिडीन बनवणारं जीनच काढून टाकलं. बाहेरून थायमिडीन मिळालं नाही तर तो मरतो. २००६ मध्ये १० रुग्णांवर त्याची छोटी चाचणीही झाली.

म्हणजे रस्ता बंद नाहीये. २०२० मध्ये ओसेलच्याच एका साध्या, जीन न बदललेल्या लॅक्टोबॅसिलसची २२८ बायकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. योनीमार्गातला एक त्रासदायक संसर्ग परत होण्याचं प्रमाण १२ आठवड्यांत ४५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आलं. बाहेरून दिलेला बॅक्टेरिया तिथे कामाला लागू शकतो, एवढं तरी दिसलं.

दरम्यान २०२४ मध्ये दुसऱ्याच रस्त्याने कुणीतरी पोचलं. लेनाकापाव्हिर नावाचं इंजेक्शन, वर्षातून दोनदा. दक्षिण आफ्रिका आणि युगांडामधल्या २,१३४ तरुण मुली-बायकांना दिलं, आणि एकीलाही संसर्ग झाला नाही. शून्य! आपला बॅक्टेरिया शर्यतीत मागे पडला, हे मान्य करायलाच हवं. पण दोन्ही लोकांनी प्रश्न एकच ओळखला होता. रोज आठवण ठेवण्याचं, लपवण्याचं, समजावून सांगण्याचं ओझं बाईच्या डोक्यावरून काढून टाका. हा प्रश्न माकडांच्या पिंजऱ्यात किंवा टेस्ट ट्यूबमध्ये दिसत नाही, तो त्या बाईच्या घरात दिसतो.

जाता जाता, मी ते फीचर बदललं. 'फक्त आवाज बंद कर' असं तिसरं बटण दिलं. 'घेतली'चे आकडे धाडकन पडले, मीटिंगमध्ये बोलणीही खाल्ली. पण आता जे दिसतं ते निदान खरं आहे. आणि आईची गोळी? चहाच्या डब्याशेजारी ठेवलीय. सकाळचा चहा ती कधीच विसरत नाही.

तुमच्या घरी गोळी कोण विसरतं आणि का, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!