अधिवृक्क ग्रंथी आणि स्त्रियांचे आरोग्य



प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी एक लहान अधिवृक्क ग्रंथी असते. आजारपणात शरीराचा तोल तिच्यातील कॉर्टिसॉल हे संप्रेरक सांभाळते. ती निकामी झाल्यास होणाऱ्या विकाराचे वर्णन लंडनच्या डॉ. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये केले. तेव्हा त्याचे प्रमुख कारण क्षयरोग होते. शरीराची प्रतिकारशक्तीच या ग्रंथीवर उलटल्यानेही तो जडतो आणि हा प्रकार स्त्रियांत अधिक आढळतो. कॉर्टिसॉल अतिरिक्त झाल्याने होणारा कुशिंगचा विकारही स्त्रियांतच अधिक. म्हणून घरातील स्त्रीचा सततचा थकवा, घटते वजन, काळवंडणारी त्वचा व मिठाची ओढ यांकडे कामाचा शीण समजून दुर्लक्ष करू नये. रक्ततपासणीने निदान होते, नियमित गोळ्यांनी जीव वाचतो. मात्र त्या गोळ्या परस्पर कधीही बंद करू नयेत.