निजलेलं बाळ काय शिकतं?



बाळ झोपेत हसलं की आपल्याकडे म्हणतात, सटवाई हसवतेय. निजलेल्या तान्ह्याच्या आत काहीतरी चाललंय, हे आपल्या आज्यांनी केव्हाच हेरलं होतं.

नवजात बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं. त्यातली जवळजवळ निम्मी झोप चळवळी असते. पापण्यांआड बुबुळं फिरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, श्वास मध्येच भरभर होतो. आई म्हणते, उठलं वाटतं! पण ते निजलेलंच असतं.

२०१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या विल्यम फायफर आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बाळं एक-दोन दिवसांची, सगळी झोपलेली. कानाशी एक सूर वाजायचा आणि लगेच पापणीवर हवेची हलकी फुंकर यायची. फुंकर आली की बाळ मिटलेले डोळे आणखी घट्ट आवळायचं. असं पुन्हा पुन्हा. मधूनच नुसताच सूर वाजवून बघायचे. वीसेक मिनिटांत फुंकर नसतानाही, सुरावरच पापण्या आवळण्याचं प्रमाण चौपट झालं. ज्या बाळांना सूर आणि फुंकर एकमेकांशी मेळ न घालता दिले, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. म्हणजे सुरामागून फुंकर येते, हे बाळ झोपेतच शिकलं होतं. या शिकण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. म्हणून पुढे अशा साध्या चाचणीतून वाढीतले दोष लवकर ओळखता येतील, अशी या संशोधकांना आशा वाटते. मला ती फार मोलाची वाटते.

फिनलंडमध्ये २००२ साली झोपलेल्या नवजातांना रात्री बोलण्यातले, एकमेकांच्या जवळचे स्वर ऐकवले. सकाळी त्यांच्या मेंदूतल्या लहरी त्या स्वरांमधला फरक टिपत होत्या.

हे ऐकून कुणी घरी जाऊन पाळण्याशी स्तोत्रांची नाही तर इंग्रजी शब्दांची ध्वनिफीत लावू नये, ही माझी कळकळीची विनंती. या प्रयोगांतून पाठांतराला काडीचाही आधार मिळत नाही. बाळाला हवा तो आवाज त्याच्याजवळ आहेच. याच फायफरनी अँथनी डीकॅस्पर यांच्याबरोबर १९८० साली दाखवलं होतं, की आईचा आवाज ऐकू यावा म्हणून नवजात बाळ आपल्या चोखण्याची लय बदलतं.

झोप ही शिकण्याचीही वेळ असेल, तर खरी काळजी आहे ती दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांच्या झोपेची. ती ऊब देणाऱ्या पेटीत, दिव्यांखाली, यंत्रांच्या घंट्यांत होते. नवजातांच्या अतिदक्षता विभागातला आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९७ सालीच सुचवलं. साधं बोलणंसुद्धा त्याच्या वर जातं. या विभागातल्या परिचारिकांना करता येण्याजोगं पुष्कळ आहे: पेटीवर कापड टाकणं, पेटीची झडप हळू लावणं, ताप बघणं आणि लंगोट बदलणं एकाच खेपेत उरकणं. आणि बाळाची तब्येत झेपण्याजोगी असेल तेव्हा त्याला आईच्या उघड्या छातीशी, कांगारूसारखं, तासन्‌तास निजू देणं.