शेजारच्या कपाटातलं रुथेनियम

मला एक तक्रार मांडायची आहे. माझा विषय सेंद्रिय रसायनशास्त्र, त्यातही प्रकाशाने चालणारं उत्प्रेरण. या विषयाचा इतिहास आमच्याकडे 2008 पासून सांगितला जातो. त्या वर्षी प्रिन्स्टनमध्ये निसेविट्झ आणि मॅकमिलन यांनी, विस्कॉन्सिनमध्ये यून यांनी आणि पुढच्याच वर्षी बॉस्टनमध्ये स्टीफनसन यांनी एकच संयुग वापरलं. रुथेनियमभोवती तीन बायपिरिडीन असलेलं हे नारिंगी संयुग निळा प्रकाश शोषतं आणि क्षणभर इलेक्ट्रॉन देण्या-घेण्याला तयार होतं. त्यानंतर शोधनिबंधांचा पूर आला. काम उत्तम होतं, त्याबद्दल वाद नाही. माझी तक्रार त्याआधीच्या तीस वर्षांबद्दल आहे.

हे संयुग नवं नव्हतं. 1970 च्या दशकापासून भौतिक आणि अकार्बनी रसायनशास्त्रज्ञ सूर्यप्रकाशाने पाण्याचं विघटन करायच्या आशेने त्याचा कसून अभ्यास करत होते. 1978 मध्ये ग्रोनिंगेनच्या केलॉग यांनी आणि 1984 मध्ये ग्रेनोबलच्या देरोन्झिए व कानो-येलो यांनी ते सेंद्रिय अभिक्रियांतही वापरून दाखवलं. आपल्याकडेही प्रकाशाचं काम थांबलेलं नव्हतं. 1990 च्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गणेश पांडे प्रकाशाच्या मदतीने अमाइनमधला एक इलेक्ट्रॉन काढून घेत आणि त्यातून नवी वलयं बांधत होते. 1999 मध्ये त्यांना भटनागर पुरस्कारही मिळाला. आणखी मागे जायचं तर इटलीत बोलोन्याच्या चामिचान यांनी प्रयोगशाळेच्या गच्चीवर काचेच्या बाटल्या उन्हात मांडून अभिक्रिया घडवल्या. 1912 मध्ये न्यूयॉर्कच्या व्याख्यानात त्यांनी कोळशाऐवजी उन्हावर चालणाऱ्या, धूर नसलेल्या कारखान्यांचं चित्र रंगवलं. म्हणजे द्रव्य होतं, मोजमापं होती, कल्पना तर शतकभर जुनी होती. तरी सेंद्रियवाल्यांनी ते उचललं नाही, कारण ते दुसऱ्या विभागाच्या नियतकालिकांत छापलेलं होतं. आम्ही आमच्याच कपाटातलं वाचत राहिलो, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर पहिला आक्षेप साधनांचा येतो: निळे एलईडी स्वस्त झाले तेव्हा हे शक्य झालं. एलईडीने पुढे काम फार सोपं केलं हे खरं. पण 2008 चा प्रिन्स्टनचा प्रयोग 15 वॅटच्या घरगुती फ्लुरोसंट दिव्यासमोर झाला होता. असा दिवा त्याआधी कितीतरी वर्षं दुकानात मिळत होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुन्या अभिक्रिया सुट्या आणि मर्यादित होत्या, त्यांना व्यापक रूप देणारी दृष्टी नंतर आली. मान्य. पण ती दृष्टी आली कशी, तेही पाहा. मॅकमिलन यांच्या हाती असममित सेंद्रिय उत्प्रेरण आधीच होतं. त्यांनी त्याच्या शेजारी रुथेनियम आणून ठेवलं. दोन विभागांमधलं दार उघडलं आणि विषय उभा राहिला. हा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो.

लोधीखेड्यातल्या महाविद्यालयात बसून रुथेनियम आणायचं कुठून, हा तुम्हा नव्या पदवीधरांचा प्रश्न रास्त आहे. पण 2011 मध्ये जर्मनीत रेगेन्सबुर्गच्या गटाने प्रिन्स्टनची तीच अभिक्रिया रुथेनियमऐवजी इओसिन वाय वापरून घडवली. हा लाल रंग पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये पेशी रंगवायला रोज लागतो. प्रकाशाचं म्हणाल तर इथल्या मे महिन्यातल्या उन्हासाठी अर्थात कोणी परवाना मागत नाही, मात्र ऊन तासागणिक बदलतं. म्हणून निष्कर्ष काढायचा तर मोजता येणारा दिवाच घ्या.

उरला प्रश्न नियतकालिकांचा. त्यांची वर्गणी छोट्या महाविद्यालयांना कधीच परवडली नाही आणि आमच्या व्यवसायाने हा अन्याय निमूटपणे चालू दिला. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेने 2025 पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे 13,000 नियतकालिकं खुली केली आहेत. तुमच्यातले जे एम.एस्सी.ला नागपूर-छिंदवाड्याला जातील, त्यांनी प्रवेश घेतल्याच्या आठवड्यात ग्रंथपालांकडे जावं, आपली संस्था त्या यादीत आहे का हे विचारावं आणि लॉगिन मिळाल्यावर सुरुवात आपल्या विषयाबाहेरच्या अंकापासून करावी.