कायझर्सलाउटर्नभोवती घर शोधताना

जर्मनीत कायझर्सलाउटर्नला शिकायला किंवा नोकरीला निघालेली आपली मुलं घर शोधताना आधी भाडं पाहतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी रेल्वेचा मार्ग पाहा.

शहर लाखभर वस्तीचं. इथे तंत्र विद्यापीठ आहे, शिवाय १९८८ मध्ये सुरू झालेलं कृत्रिम बुद्धिमत्तेचं संशोधन केंद्रही आहे. पूर्वेला साठेक किलोमीटरवर मानहाइम हे मोठं औद्योगिक शहर. दोन्हींना जोडणाऱ्या लोहमार्गावर २००३ पासून एस-बान, म्हणजे आपल्या लोकलसारखी गाडी, धावते. नवरा कायझर्सलाउटर्नला आणि बायको मानहाइमला कामाला असेल, तर या मार्गावरचंच गाव निवडावं.

माझी पहिली पसंती होखश्पायरला. कायझर्सलाउटर्नहून निघालेली गाडी जंगलातला लांब बोगदा ओलांडते की हे गाव येतं. जेमतेम दहा मिनिटं! उत्तरेला बिंगेनकडे जाणारा फाटाही इथूनच फुटतो. पश्चिमेला लांडश्टूलही सोयीचं.

रेल्वे नसलेल्या खेड्यात मात्र सगळी भिस्त बसवर, आणि रविवारी बस फार कमी. संध्याकाळची पाळी असेल तर शेवटची गाडी कितीची, हे करारावर सही करण्याआधीच पाहा.

जानेवारी २०२६ पासून ‘डॉइचलांड-टिकेट’ महिना ६३ युरोंना मिळतं. ते एस-बान आणि बसला चालतं, पण वेगवान आय.सी.ई. गाडीला चालत नाही. तेव्हा घरभाड्यात हा खर्च मिळवूनच दोन घरांची तुलना करा.